अंडी टिटवीचीच होती

आर्वीच्या बाजारात डांगरं आली की मी पिशवी घेऊन निघते. सून म्हणते, "आई, दारावर गाडी येते, तिथूनच घ्या ना. एवढ्या उन्हात कशाला?" मी नाही घेणार. पुण्याकडची माणसं लाल भोपळ्याला डांगर म्हणतात, म्हणोत बापडी. आमच्याकडे डांगर म्हणजे उन्हाळ्यात नदीच्या रेतीत पिकलेलं खरबूज. ते नाकाजवळ धरलं की तापलेल्या रेतीचा आणि नदीच्या पाण्याचा वास आला पाहिजे. दारावरच्या गाडीतल्या फळाला कसलाच वास नसतो, म्हणून मी डोक्यावरून पदर घेऊन, ऊन लागू नये म्हणून जवळ कांदा ठेवून थेट शालूच्या टोपलीपाशी जाते. शालू म्हणजे कासाबाईची नातसून. कासाबाई कोण, ते पुढे येईलच.

परवा शालूच्या टोपलीतली डांगरं हुंगून बघत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, औंदा ढिवरिणी आल्या."

माझ्या हातातलं डांगर हातातच राहिलं. "कुठं?"

"पुलाच्या खालतं रेतीचा एक पट्टा राह्यला नं, तिथंच बसल्या. अंडे बी घातले. पण तो मासोळीचा ठेका घेतलेला माणूस म्हणते, हे पाखरं आमची मासोळी खाऊन राह्यले, अंडे फोडून टाकतो म्हणते."

तेच वाक्य! इतकी वर्षं झाली, नदीवर पूल झाला, वर कुठंतरी धरण झालं, रेती ट्रकमधून गेली, माझे केस गेले, दात गेले. हे वाक्य तेवढं जसंच्या तसं उरलं. माझं डोकं असं फिरलं की मी पैसे द्यायला विसरले आणि तशीच घरी आले.

ढिवरीण हे पुस्तकातलं नाव नव्हे. पुस्तकात तिला नदीसुरय म्हणतात. अंग पांढरट राखाडी, डोक्यावर काळी टोपी, पिवळी धमक चोच, पाय लाल आणि शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. उडता उडता हवेत थबकते, पाण्यात सूर मारते आणि चोचीत मासोळी घेऊन वर येते. आजोळच्या गावी मासेमारी ढीवरांची, म्हणून मासे मारणाऱ्या पाखराचं नाव ढिवरीण. कासाबाई स्वतः ढिवरीण. ती पाखरांकडे बोट दाखवून म्हणायची, "हे आमच्या जातीचे आहेत वो. फक्त आमच्यापरीस कपडे साफ."

माझं आजोळ वर्धा नदीच्या काठी. मामा तिथं शाळामास्तर होते. शाळेची परीक्षा झाली की आर्वीहून छकड्यात बसायचं, हातात पाण्याचा चंबू, डोळ्यांवर झापड, आणि डोळे उघडले की समोर नदी. उन्हाळ्यातली वर्धा म्हणजे नदी कमी आणि रेतीच जास्त. या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी रेती, मधून एक बारीक धार, आणि गावाच्या खालच्या अंगाला काळाशार डोह. पल्याड दिसायचं ते वऱ्हाड. पल्याडच्या माणसांबद्दल आमच्या गावचं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि त्यांचं आमच्याबद्दल नसावं. ते पुढे माझ्या फार कामी आलं.

मी त्या वेळी किती वर्षांची होते ते सोडा. परकर-पोलकं घालत होते आणि तोंड बंद ठेवता येत नव्हतं, एवढं पुरे. माझं नाव सुमन. पण मामीनं मला टिटवी म्हणायला सुरुवात केली, कारण टिटवी ना स्वतः झोपत, ना कोणाला झोपू देत. मामीचं ऐकून शेजारच्या बायका म्हणू लागल्या, मग गावच म्हणू लागलं. नदीवर पाणी आणायला गेले की हाळी यायची, "मास्तरची टिटवी आली वो!" एकटे मामा मला सुमन म्हणत. त्यांना टोपणनावं आवडत नसत. शाळेच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं लिहिलं होतं, "नेहमी खरे बोलावे", आणि ते स्वतः तसे वागतही. अशा माणसाच्या घरात राहणं सोपं नसतं.

त्या उन्हाळ्याचा वास मला अजून येतो. मामीच्या अंगणात खाटेवर वाळणाऱ्या कुरडयांच्या चिकाचा वास, ओल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताटीचा वास, आणि रेतीवर उतरलं की डांगराच्या वेलांचा हिरवा, किंचित कडवट वास. कासाबाईची डांगरवाडी रेतीतच होती. रेतीत लांब चर खणायचे, त्यात शेणखत घालायचं, बी लावायचं, आणि झिऱ्यातून पाणी आणून वेलांना घालायचं. झिरा म्हणजे रेतीत हातानं उकरलेला खड्डा. थोडं उकरलं की तळाशी स्वच्छ पाणी जमतं. ते पाणी प्यायलं की दात शिवशिवायचे. मामी म्हणायची, घरच्या माठातलं पाणी काय कडू आहे का? कडू नव्हतं, पण झिऱ्याचं नव्हतं.

कासाबाईच्या वाडीपुढे धारेच्या मधोमध रेतीचं बेट होतं. तिथं ढिवरिणी अंडी घालत. घरटं म्हणावं असं काही नसायचंच. छातीनं रेतीत एक वाटी करायची आणि तिच्यात अंडी ठेवायची, मातकट, वर तपकिरी शिंतोडे. बघत बघत चाललं तरी पाय पडेल, अशी ती रेतीत मिसळून जायची. त्याच बेटावर टिटव्याही अंडी घालत, तशीच उघड्यावर, जवळजवळ तशीच दिसणारी. भर दुपारी, आपल्या पायाला फोड येईल अशा रेतीवर, ती पाखरं अंड्यांवर बसून राहायची. ऊन फारच झालं की पाण्यात जाऊन पोट भिजवून यायची आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवायची. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं. का आलं ते तेव्हा कळलं नाही, आणि आता कळलं तरी सांगणार नाही.

कासाबाईनं मला वाडी राखायला बसवलं होतं, म्हणजे काठावरच्या करंजाखाली बसून कावळे आणि कुत्री हाकलायची. बदल्यात रोज एक तडकलेलं डांगर. दिवसभर बसून दुसरं काय बघणार? मी ढिवरिणी बघायची. कुठून येतात, कुठं जातात, चोचीत काय आणतात. नर मासोळी घेऊन यायचा, मादीपुढे उभा राहून मान वाकवायचा आणि ती घास घ्यायची. तो लगेच परत जायचा. जायचा कुठं? वरच्या अंगाला, उताराकडे, जिथून बैलगाड्या नदी ओलांडतात. तिथं पाणी गुडघाभर, गोट्यांवरून खळखळणारं. त्यात बोटाएवढ्या चंदेरी मासोळ्या असायच्या. आमचे ढीवर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत, कारण त्या जाळ्यातून निसटून जायच्या. ढीवरांची जाळी पडायची खालच्या डोहात, मरळ आणि वाम मासळीसाठी. म्हणजे पाखरांची नदी वर आणि माणसांची नदी खाली. खोटं कशाला बोलू, एखादी ढिवरीण कधीकधी डोहाच्या काठालाही सूर मारायची. पण तेवढंच. मरळ तिच्या चोचीत मावली तरी असती का?

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. मालगुजार होता तेव्हा डोह त्याचा होता आणि ढीवर त्याच्या मर्जीनं जाळी टाकत. आता डोहाचा लिलाव झाला आणि हिंगणघाटकडचा एक ठेकेदार तो घेऊन गेला. लोकांना वाटलं होतं, राज्य आपलं आलं तर डोहही आपला होईल. झालं भलतंच. कासाबाईचा नवरा सखाराम आणि त्याचे भाऊबंद आपल्याच डोहात ठेकेदाराचे मजूर झाले. ठेकेदारानं स्वतःची जाळी आणली, मच्छरदाणीसारखी बारीक. त्यात मोठी मासोळी तर आलीच, तिची पोरंसोरंही आली. थोड्याच दिवसांत डोह रिकामा वाटायला लागला. सखाराम म्हणाला, "मालक, तुमच्या जाळ्यानं बी-बियाणं उचललं. आता कोठून निघन मासोळी?" ठेकेदाराला ते झोंबलं. आपल्या जाळ्याचा दोष कोण कबूल करतो? त्यानं नजर वर केली, आणि वर ढिवरिणी उडत होत्या.

तो मामांच्या ओसरीवर येऊन बसला तेव्हा मी दाराआड होते. बरोबर गावची चार माणसं, आणि सखारामही होता, ओसरीखाली उभा.

"मास्तर, ये पंछी लोक मेरा सगळा माल खाऊन राह्यले," ठेकेदार म्हणाला. "त्या बेटावरचे अंडे साफ करा. नाही करत तर तुमच्या ढिवरांना सांगा, जाळी गुंडाळा. मी हिंगणघाटहून माझे माणसं आणतो."

सखाराम खाली बघत होता. त्याच्या आज्यापणज्यांनी ज्या डोहात जाळी टाकली, तिथून त्याला उठवायची भाषा चालली होती आणि त्याला बसायलाही कोणी सांगितलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी दाराबाहेर आले.

"ढिवरिणी डोहात मासे मारतच नाहीत," मी म्हणाले. "त्या उतारावर मारतात. मी रोज बघते. तुमची मासोळी तुमच्या जाळ्यानंच गेली."

ठेकेदार हसला. मामांचा चेहरा लाल झाला. "सुमन, मोठ्या माणसांत बोलू नये. आत जा."

"पण मामा, खरंच..."

"आत जा म्हटलं ना!"

मी आत गेले. मामीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला. भिंतीवर "नेहमी खरे बोलावे" लिहिणाऱ्या माणसानं मला खरं बोलल्याबद्दल आत पाठवलं होतं. ते मी आजही विसरलेले नाही. लोक म्हणतात, वयानं राग निवतो. माझा नाही निवला, आणि मला तो निववायचाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बेटावर निघाले. ठेकेदार छत्री घेऊन पुढे, मामा मागे, ढीवर हातात काठ्या घेऊन, आणि काठावर कासाबाई कमरेवर हात ठेवून उभी. पण पाण्यात पाय घालायच्या आधीच ढीवर थांबले. सखाराम म्हणाला, "मालक, ढिवरिणीचे अंडे फोडू. पण बेटावर टिटवीचे बी हायेत. त्याले हात लावनार नाई."

बाहेरच्यांसाठी सांगते. टिटवीचं अंडं आमच्याकडे कोणी फोडत नसे. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस दणकून येणार, पाण्याजवळ घातली की कोरडं जाणार. गावाचा पावसाळा त्या अंड्यांत असायचा. ते फोडणं म्हणजे आपल्या हातानं ढग फोडणं. ठेकेदाराची स्वतःची कपाशीची वावरं होती. त्याचाही हात आपोआप कानाच्या पाळीला गेला. "छे छे, टिटवीला हात नाही लावायचा," तो म्हणाला. "पण कोणतं कोणाचं, कसं कळणार?"

कासाबाई काठावरून ओरडली, "मास्तरच्या भाचीले इचारा नं! ते दिवसभर इथंच बसून राह्यते. तिले सारं ठाऊक आहे."

तिनं हे का म्हटलं, ते मला तेव्हा उमगलं नाही. आज वाटतं, तिला सगळं उमगलं होतं.

मला हाक मारली. मी पाण्यातून बेटावर गेले. वर ढिवरिणींनी कल्लोळ केला होता. एक तर ठेकेदाराच्या छत्रीवर अशी आदळली की छत्री वाकडी झाली. पायाशी पहिली वाटी होती, त्यात शिंतोड्यांची अंडी. ढिवरिणीची. मला शंभर टक्के माहीत होतं, कारण तिला पोट भिजवून येताना मी कालच पाहिलं होतं.

"हे कोणाचे?" ठेकेदारानं विचारलं.

मी वर बघितलं. मामा माझ्याकडेच बघत होते.

"टिटवीचे," मी म्हणाले.

पुढची वाटी. "आणि हे?"

"टिटवीचे."

"आणि हे?"

"हेही टिटवीचेच."

ठेकेदारानं छत्री सरळ करत वर बोट दाखवलं. "अरे, मग या वर ढिवरिणी काऊन उडून राह्यल्या?"

"त्या पल्याडच्या आहेत," मी म्हणाले. "वऱ्हाडातल्या. त्यांचे अंडे तिकडे आहेत. इकडे नुसत्या भांडायले येतात."

काठावर कोणीतरी फिस्सकन हसलं. ठेकेदाराचे डोळे बारीक झाले. तो सखारामकडे वळला. "तू सांग. तू ढीवर आहेस ना?"

सखारामनं काठी रेतीत रोवली, खाली बसला, अंड्याकडे नीट पाहिलं. या माणसाच्या पिढ्या या बेटावर गेल्या होत्या. ढिवरिणीचं अंडं त्याला अंधारातही ओळखू आलं असतं. आणि खोटं बोलला तर त्याचा डोह जाणार होता. तो उठला, हात झटकले आणि अगदी शांतपणे म्हणाला, "टिटवीचंच आहे, मालक."

मग त्याचा भाऊ बसला. "टिटवीचंच." मग तिसरा. "बिलकुल टिटवीचं." एकेक माणूस वाकत होता, बघत होता आणि तेच सांगत होता. कालपर्यंत ज्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं, ती माणसं त्या सकाळी ताठ उभी होती.

"मास्तर," ठेकेदार शेवटी म्हणाला, "तुम्ही तर खोटं नाही बोलत. तुम्ही सांगा."

मामांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा लावला नाही. "अंड्यांतलं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "जी इथं दिवसभर बसते, तिनं सांगितलंच आहे."

इतक्या टिटव्या एका बेटावर असत नाहीत, हे न कळण्याइतका ठेकेदार खुळा नव्हता. पण "फोडा" म्हणायची त्याचीही छाती झाली नाही. न जाणो, एखादं खरंच टिटवीचं निघालं तर? आणि एकजात सगळे ढीवर घरी बसले तर चालू हंगामात जाळी ओढायची कोणी? तो वाकडी छत्री घेऊन परत गेला.

संध्याकाळी मामांनी मला समोर बसवलं. "सुमन, तू आज खोटं बोललीस."

"नाही बोलले."

"सुमन!"

"काल खरं बोलले तर तुम्ही आत पाठवलंत," मी म्हणाले. मी नजर खाली केली नाही. "आणि आज खोटं बोललेच नाही. गावात टिटवी कोणाला म्हणतात? मलाच ना? मी रोज त्या अंड्यांची राखण करते. मग ती अंडी टिटवीचीच आहेत."

चुलीपाशी मामीनं पदर तोंडात कोंबला. मामा उठून अंगणात गेले आणि बराच वेळ येरझारा घालत राहिले. सकाळी मी रेतीवर जायला निघाले तेव्हा ते मामीला म्हणाले, "टिटवीला दहीभात बांधून दे. ऊन फार आहे." त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या वर्षीची पिल्लं मोठी झाली. मृगाचं पाणी चढायच्या आत बेटावरून उडाली. उडाली तेव्हा मी करंजाखाली उभी राहून टाळ्या वाजवल्या. गोष्ट इथं गोड करून संपवता आली असती, पण तसं झालं नाही. ठेकेदार पुढच्या उन्हाळ्यातही आला आणि त्याची बारीक जाळीही आली. मी नदीबिदी काही वाचवली नाही. फक्त एका उन्हाळ्याची अंडी वाचली. एका उन्हाळ्याचं काय मोल, असं मला कोणी विचारलं तर मी त्याला दारातून परत पाठवीन.

आज सकाळी शालूकडे पुन्हा गेले. तिचे राहिलेले पैसे दिले आणि म्हटलं, "ठेकेदारानं इचारलं, अंडे कोणाचे, त सांगजो टिटवीचे."

शालू हसली. "आजी, आता टिटवीले कोण भेते? लोकाईले पाऊस फोनात दिसते."

हे खरं होतं. मी क्षणभर गप्प बसले. माझ्या आयुष्यात मी फार वेळा गप्प बसलेली नाही, म्हणून ते मला आवडलं नाही. मग टोपलीतलं एक डांगर उचलून पिशवीत टाकलं, पदर नीट खोचला आणि विचारलं, "तुमच्या गावाकडची एस.टी. किती वाजता सुटते?"

"काऊन?"

"तुझ्यासोबत येते. छत्री आहे, कांदा आहे, डांगर आहे. त्या पट्ट्यावर जाऊन बसते."

"माय वं! आजी, ह्या उन्हात? आन् ठेकेदार आला तर त्याले काय सांगू?"

"सांगजो," मी म्हणाले, "टिटवी अंड्यांवर बसली आहे."